'राखगड' सुचवताना

पुस्तक-भिशीचा नियम साधा होता. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, डब्यातून चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिनं एक पुस्तक सुचवायचं आणि बाकीच्यांनी ते मुकाट्यानं वाचायचं. पहिला वाचायचा मान चिठ्ठी काढणारीचा. त्या रविवारी चिठ्ठी प्रभाताईंनी काढली आणि नाव निघालं त्यांच्याच सुनेचं, वैदेहीचं.

वैदेहीनं खरं तर हिमालयाचं एक गुळगुळीत प्रवासवर्णन योजून ठेवलं होतं. पण ऐन वेळी जीभ भलतीकडेच वळली. वर्षानुवर्षं गप्प बसलेल्या माणसाचं असंच होतं, आणि होतं तेही नेमकं चारचौघांत.

"'राखगड' नावाची कादंबरी आहे," ती म्हणाली. "काल्पनिक राज्य आहे. जादू आहे, पण तीही कुणाचं भलं करत नाही. माणसं एकजात लबाड. गडाला वेढा पडलाय आणि एक पहारेकरीण आंधळ्या, म्हाताऱ्या राजाला सांभाळतेय. तशी शपथच घेतलीय तिनं. आणि एक दिवस ती चोरदरवाजा उघडते आणि त्याला तसाच टाकून निघून जाते."

"मग शेवटी शिक्षा होती का न्हाय तिला?" मोडनिंबच्या मथुराबाईंनी विचारलं.

"नाही."

"पस्तावती तरी?"

"थोडी. पण परत येत नाही."

"अगं बाई, मग असलं वाचायचं तरी कशाला?"

"ती धड चांगली नाही आणि धड वाईटही नाही, म्हणून," वैदेही म्हणाली. "मला वाचताना लई मोकळं वाटलं."

बायका हसल्या. वैदेहीनं पर्समधून काढून दिलेलं पुस्तक प्रभाताईंनी न हसता पिशवीत टाकलं.

ते आता सगळ्यात आधी सासूच वाचणार, हे वैदेहीच्या तेव्हा कुठं ध्यानात आलं. सासरे, कमलाकर, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले तेव्हा तिनं शाळेतली नोकरी सोडली होती. त्यांचं करायला लावलेल्या बाया आठवडाभरात पळायच्या. नवरा अनीश पुण्याहून फोनवर म्हणायचा, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." सगळ्या नात्यागोत्यात तिचं कौतुक चालायचं, आणि त्या कौतुकानंच तिला पुरतं जखडून टाकलं होतं. आता कुर्डुवाडीच्या एका शाळेतून बोलावणं आलं होतं. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळी परत यायचं. शाळेला शनिवारपर्यंत उत्तर हवं होतं. तिला मनापासून जायचं होतं, आणि हे तिनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

प्रभाताई रोज चष्मा लावून वाचत बसायच्या. स्वयंपाकघरात वैदेहीचे कान पान उलटण्याकडे लागलेले असायचे. आता चोरदरवाजा आला असेल, या धास्तीनं तिची भाकरी करपायची. विचारायची सोय नव्हती. शेवटचं पान होईपर्यंत मत द्यायचं नाही, हाही भिशीचाच नियम.

शनिवारी दुपारी प्रभाताईंनी पुस्तक मिटलं.

"चांगलं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "तुला कुठं जायचंय का गं?"

वैदेहीनं मान खाली घातली. "कुर्डुवाडीला, आई. शाळेत बोलावलंय."

"वाटलंच मला. बरं, त्या दासीचं काय झालं? राजाच्या खोलीत पाणी आणून ठेवती की ती, गुडघे धरत जिना चढून. दरवाजा बंद झाल्यावर तिचं काय झालं?"

वैदेहीला दासी आठवेचना. दोनदा वाचलेलं पुस्तक तिनं भराभर चाळलं. पाणी ठेवल्याच्या दोन ओळी सापडल्या. पुढं काहीच नव्हतं.

"पुस्तकात नाही ते," ती म्हणाली.

"हो. मीपण शोधलं."

तेवढ्यात फोन वाजला. कुर्डुवाडीच्या मुख्याध्यापिका होत्या. वैदेही सासूकडे बघत राहिली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "हो. येते मी सोमवारपासून." फोन ठेवला तेव्हा तिला आनंद झाला होता आणि स्वतःची लाजही वाटत होती.

प्रभाताई उठल्या. कमलाकरांना कुशीवर वळवायची वेळ झाली होती. त्यांनी अंगाखालच्या चादरीचं एक टोक धरलं, आणि सवयीनं वैदेहीनं दुसरं. रोज दोघी मिळूनच वळवायच्या.

"सोड," प्रभाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मला आता एकटीला जमवायला पाहिजे की."

वैदेहीच्या हातून चादर सुटेना.