मास्तरांच्या गाडीची साखळी

मित्रांनो, मास्तरीणबाईंच्या दारामागे, छत्रीशेजारच्या खिळ्याला गाडीच्या किल्लीसोबत एक काळपट साखळी लोंबते, ती मी. मी एक जुनी टायमिंग चेन आहे. येणारेजाणारे मला सायकलची साखळी समजतात. वाईट वाटतं, पण त्यांचा तरी काय दोष? मोटारीच्या इंजिनात सारा जन्म काढला, तो झाकणाआड. तिथे मला कोण पाहणार?

कारखान्यात पोलादाच्या पट्ट्या कापून, भट्टीत तापवून, पिनांनी एकमेकींत गुंफून मला घडवलं. माझं काम ऐकायला सोपं आहे. खाली इंजिनाचा मुख्य दांडा फिरतो आणि वर झडपा उघडमीट करतात. दोघांच्या दातेरी चाकांवर बसून मी त्यांची वेळ जुळवून ठेवायची. त्यात एका दाताची चूकही चालत नाही. वेळ चुकली की दट्ट्या झडपांवर आपटतो आणि इंजिनाचा ग्रंथ आटोपतो. शेजारी पाण्याचा पंप होता. मी त्याला फिरवायची आणि तो पाणी खेळवून इंजिन थंड ठेवायचा. आमचं छान चाललं होतं.

गाडीचे मालक मास्तर, शाळेत भूगोल शिकवायचे. सकाळी गाडी सुरू केली की लगेच निघायचे नाहीत. खाली उतरून बॉनेटवर तळहात ठेवायचे आणि डोळे मिटून ऐकायचे.

"गाडी बोलते गं. आपल्याला कान पाहिजेत," असं ते बाईंना म्हणायचे.

"माझं कधी एवढं ऐकलं असतंत तर!" बाई म्हणायच्या. मग दोघंही हसायचे. कौतुकाचे ते दिवस मी विसरलेली नाही.

पुढे मास्तर आजारी पडले. दवाखान्याच्या खेपा बाईच गाडी चालवून करू लागल्या. त्या धावपळीत इंजिनाचं तेल बदलायचं राहून गेलं. काळ्या, जाड झालेल्या तेलात माझ्या कड्या झिजल्या, मी सैल पडले आणि गाडी सुरू होताना झाकणावर आपटू लागले. खडखड, खडखड.

मास्तर शेजारच्या सीटवर मान टेकून बसलेले असायचे. एकदा म्हणाले, "ऐक, ती काहीतरी सांगतेय."

"तुम्ही बरे व्हा म्हणतेय," बाई म्हणाल्या.

मास्तर गेले. खडखड मात्र राहिली. बाईंना त्या आवाजाचा लळा लागला. कुठे जायचं नसलं तरी सकाळी त्या गाडी सुरू करून नुसत्या बसून राहायच्या. मला फार लाज वाटायची. मी दुखणं सांगत होते आणि बाईंना त्यात सोबत सापडत होती.

मास्तर रेडिएटरमध्ये कधी पाणी कमी पडू देत नसत, एवढं बाईंना पक्कं ठाऊक होतं. ते त्यात बाजारातून आणलेलं, गंज रोखणारं हिरवं कुलंट घालायचे, हे मात्र ठाऊक नव्हतं. बाई नळाचं पाणी घालत राहिल्या. त्या पाण्याने पंप गंजला, पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट अडकला, पाइप आतून फुगले. पाणी रोज कमी व्हायचं आणि बाई रोज भरायच्या. ते जातं कुठे, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

एक दिवस चढावर तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ उसळली. बाईंनी लगेच गाडी थांबवली, म्हणून इंजिन वाचलं. मुलगा आला. म्हणाला, "आई, पुरे झालं आता. भंगारात देऊन टाकू."

"आधी गॅरेजच्या मिस्त्रींना बघू दे," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी इंजिन उघडलं, मला बोटांवर तोललं आणि विचारलं, "काकू, ही कधीपासून वाजतेय?"

"मास्तर होते तेव्हापासून. मला वाटायचं, गाडीचा आवाजच तो."

"आणि हे तांबूस पाणी?"

"मी रोज स्वतः भरायचे. कधी चुकवलं नाही."

मिस्त्री उगाचच हात पुसत राहिले. मग सावकाश म्हणाले, "साध्या पाण्याने गंजलंय सगळं. साखळीसुद्धा आज ना उद्या सुटली असती. पण सगळं नवीन बसवलं तर गाडी चालेल."

"मग तो आवाज?"

"जाणार, काकू."

बाई स्टुलावर बसून राहिल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "बसवा."

मी ट्रेमध्ये पडून सगळं बघत होते. पंप, थर्मोस्टॅट, पाइप नवे आले. रेडिएटर धुतला, हिरवं कुलंट भरलं. माझ्या जागी आलेल्या साखळीच्या रंगीत कड्या मिस्त्रींनी दातेरी चाकांवरच्या खुणांशी जुळवल्या आणि पान्याने इंजिन हळूहळू फिरवून पुन्हा तपासलं. मत्सर नाही वाटला. जीव भांड्यात पडला.

बाईंनी किल्ली फिरवली. त्यांना काहीच ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा फिरवली. स्टार्टर कर्रकन् ओरडला.

"काकू, किल्ली सोडा," मिस्त्री म्हणाले. "सुरूच आहे ती."

बाई खाली उतरल्या आणि त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग त्या रडल्या. जाताना मला त्यांनी मिस्त्रींकडून मागून घेतलं.

मित्रांनो, यंत्र असो की माणूस, रोज कण्हणाऱ्याच्या आवाजाची सवय करून घेऊ नका. माया असली तरी विचारावं लागतं, काय होतंय म्हणून.

सकाळी बाई खिळ्यावरून किल्ली काढतात, तेव्हा मी हलते आणि थोडीशी वाजते. बाई मला हाताने स्थिर करतात. मग बाहेर जाऊन गाडी सुरू करतात, बॉनेटवर तळहात ठेवतात आणि ऐकतात.