डाव्या कुशीवरचा तास

“एकशे बारा?” बाबांनी वहीवर पेन्सिल टेकवली.

“पालवी फुटलीय. कोवळी, तांबूस,” ती म्हणाली आणि त्यांच्या उशीचा अभ्रा बदलायला घेतला.

पेन्सिल हलली नाही. “एकशे बाराच ना?”

“हो, बाबा. पार शेंड्यापर्यंत.”

बाबांनी वही मिटली. “ते झाड पाडून अकरा वर्षं झाली. रस्ता रुंद करायचा होता. कागदावर सही माझीच आहे.”

अर्धा चढवलेला अभ्रा तिच्या हातात तसाच राहिला. शेहेचाळिसाव्या वर्षी तिची चोरी पकडली गेली होती, एखाद्या शाळकरी मुलीसारखी.

बाबांनी सारी नोकरी झाडं मोजण्यात घालवली होती. वस्तीमागच्या राईतल्या प्रत्येक खोडावर पिवळ्या रंगात जो आकडा होता, तो त्यांच्या हातचा. वस्तीतले लोक त्यांना मोजणीसाहेब म्हणत. तोंडावर आदराने, पाठीमागे तितक्या आदराने नाही. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, डावं अंग गेलं आणि साहेब खाटेला खिळले. तिने शाळेच्या ग्रंथालयातली नोकरी सोडली. परगावचा भाऊ दर रविवारी फोन करी. सल्ला देण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

वसंत लागला की बाबांना चैन पडत नसे. रोज चार वाजता ते दहा आकड्यांची चिठ्ठी तिच्या हातात ठेवत. कोणत्या झाडाला कोंबाचे डोळे फुटले, कोणतं अजून निष्पर्ण आहे, ते तिने बघून यायचं आणि त्यांनी वहीत उतरवायचं. ती त्यांना उजव्या कुशीवर वळवून पाठीशी उशा लावून निघे. या कुशीवर ते जेमतेम अर्धा तास टिकत. मग हळूहळू पाठीवर घसरत आणि त्यांचा श्वास अडे. डाव्या कुशीवर पाठीला भिंतीचा आधार मिळे, पण लुळा पडला तरी तो खांदा दुखायचा काही थांबला नव्हता. दहा मिनिटांत त्यांच्या डोळ्यांत पाणी येई, म्हणून तिने ती कूस सोडूनच दिली होती.

तेव्हा दिवसातला तेवढा अर्धा तास काय तो तिचा, आणि तोही आकड्यांमागे धावण्यात जाई. राईत जाऊन तिला राई कधी दिसलीच नव्हती. चार दिवसांपूर्वी चपलेतला खडा काढायला ती ओढ्याकाठच्या वाकड्या खोडावर टेकली आणि उठलीच नाही. वर कोवळ्या पानांतून ऊन झिरपत होतं. पाण्यावर उजेड हलत होता. कुठेतरी मधमाश्या गुणगुणत होत्या आणि कोणीही तिच्याकडे काहीही मागत नव्हतं. त्या दिवशी दहाही झाडांची हकीकत तिने घरी येता येता मनानेच रचली. मग रोजच.

“चार दिवसांत सगळ्या झाडांना एकदम पालवी फुटायला लागली, तेव्हाच शंका आली. म्हणून आज चिठ्ठीत एकशे बारा घातला,” बाबा म्हणाले. “मग तिथं जाऊन करतेस काय?”

“बसते.”

“नुसती?”

“नुसती.”

बाबांनी मान भिंतीकडे वळवली. रात्री तिने त्यांच्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं. तिचं मन मात्र एकाच गोष्टीभोवती घुटमळत होतं: उद्यापासून चिठ्ठी बंद, म्हणजे बाहेर जाणंही बंद. बसायचंच असेल तर घरात काय जागा कमी आहे, असं ते म्हणणार, हे ती धरूनच चालली होती.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. चिठ्ठी निघाली नाही. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या ती उगाचच मोडून पुन्हा घालत राहिली.

“मला डाव्या कुशीवर कर,” बाबा म्हणाले.

“खांदा दुखेल, बाबा.”

“दुखू दे. भिंत आहे, घसरायचो नाही. तासभर मला काही होत नाही. जा तू.”

“आणि चिठ्ठी?”

“चिठ्ठी नाही.” ती हलेना, तसे ते चिडले. “तीन वर्षं तुझंच ऐकतोय ना? आज माझं ऐक.”

तिने त्यांना वळवलं आणि ती निघाली. वाकडं खोड होतं तिथेच होतं. ऊन कालच्यासारखंच झिरपत होतं, उलट आज पानं जरा जास्तच दाट झाली होती. पण तिचं लक्ष सारखं मनगटावरच्या घड्याळाकडे. दहा मिनिटं झाली तेव्हा तिचा स्वतःचा डावा खांदा ठणकायला लागला. विसाव्या मिनिटाला ती उठली आणि तरातरा रस्त्यापर्यंत आली.

तिथे तिचे पाय थबकले. बाबांच्या समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. आता घरी गेलं, तर त्यांनी सोसलेली वीस मिनिटं फुकट जाणार होती, आणि ते त्यांना कळणार होतं. ती मागे फिरली आणि पुन्हा खोडावर जाऊन बसली. तिला बाबांचा राग आला, स्वतःचा आला, त्या एकशे बारा नंबरच्या झाडाचाही आला. घरात तर ती अडकलेलीच होती. आता इथूनही तिला उठता येत नव्हतं. मांडीवर हात घट्ट धरून ती उरलेली चाळीस मिनिटं बसून राहिली. एक पानही तिला धड दिसलं नाही.

घरी आल्या आल्या तिने बाबांना पाठीवर वळवलं. त्यांनी दात ओठात रुतवले होते.

“पूर्ण तास बसलीस?”

“पूर्ण.”

“काय दिसलं?”

“पालवी,” ती म्हणाली. “सगळीकडे.”

“बरं झालं.” बाबांनी डोळे मिटले. “उद्या पण जा.”

तिने तळहातावर तेल घेतलं. चादरीच्या चुण्या त्यांच्या खांद्यावर लालभडक उमटल्या होत्या. ती हलक्या हाताने चोळत राहिली. बराच वेळ चोळलं तरी त्या जाईनात.