जिरेनियमच्या वासाचं कार्ड

नाबुल गावात कडू संत्र्याला फुलं आली की बायकांच्या जिभेला धार चढते. फुलं खुडायची, सावलीत ठेवायची, तांब्याच्या भांड्यात शिजवून त्यांचं सुगंधी पाणी उतरवायचं, आणि हे सगळं शेजारणीपेक्षा सरस. मग होणार काय दुसरं? त्यातून मब्रूका जात्याच तिखट. गेल्या साली तिच्या धाकट्या बहिणीनं, सलूहानं, आईचं ते भांडं उसनं नेलं, त्यात जिरेनियमचा पाला उतरवला आणि धड न घासता परत केलं. मब्रूकाच्या पहिल्याच बुधल्याला जिरेनियमचा वास लागला. झालं! तिनं दारात उभं राहून अख्ख्या गल्लीदेखत बहिणीची खरडपट्टी काढली. "धांदरट! आईचं नाव बुडवलंस." सलूहा जी गेली, ती वर्षभर फिरकली नाही.

आता ईद तोंडावर आली होती. ईदच्या सकाळी धाकटीनं थोरलीकडे यायचं, ही त्यांच्या आईनं लावलेली रीत. सलूहा येईल का, या एका विचारानं मब्रूकाला घास गोड लागत नव्हता. पण बोलेल तर शपथ. "यायचं असेल तर येईल, माझं काय अडलंय?" असं ती सुनेला, वहीदाला, कुणी न विचारताच रोज सांगायची.

वहीदानं मात्र गल्लीतली पोरं गोळा करून अंगणात ईदच्या कार्डांचा कारखाना काढला होता. रोझमेरीच्या काड्यांची खजुराची झाडं, रानातल्या तांबड्या पाकळ्यांच्या कोंबड्या, सगळीकडे डिंकाचा चिकचिकाट. बशीरच्या उंटाला पाच पाय होते.

"पाच कशाला रे?" वहीदानं विचारलं.

"वाटेत एखादा मोडला तर?"

मब्रूकाची सात वर्षांची नात सिरीन सगळ्यांत चांगलं कार्ड सलूहाआजीसाठी राखून बसली होती. त्यावर जिरेनियमच लावायचं, कारण त्या आजीला तेच आवडतं. म्हणून तिनं शेजारपाजारच्या कुंड्या ओरबाडून पाला आणि फुलं आणली, चादरीत गाठोडं बांधलं आणि उद्यासाठी थंड खोलीत ठेवून दिलं.

आता त्या दिवसांत नाबुलमधल्या थंड खोलीत गाठोडं दिसलं तर त्यात संत्र्याच्या फुलांशिवाय काय असणार? सकाळी मब्रूकानं ते उचललं आणि न बघता तांब्याच्या भांड्यात उलटं केलं. एरवी तिचं नाक भिंतीपलीकडची आमटी ओळखायचं, पण सर्दीनं ते पार चोंदलेलं. झाकणाच्या फटी ओल्या कणकेनं बंद केल्या, खाली जाळ लावला. पाणी थेंबथेंब बुधल्यात पडू लागलं तशी ती खुशीत गुणगुणायला लागली.

वहीदा अंगणात आली आणि थबकली.

"आई, हा वास कसला येतोय?"

"फुलांचा. कसला येणार?"

तेवढ्यात सिरीन रिकामी चादर घेऊन रडत आली. "आजी, माझं जिरेनियम शिजवलंस तू! सलूहाआजीच्या कार्डाचं होतं ते."

मब्रूकानं कणीक उचकटून झाकण वर केलं. आत जिरेनियमच. ज्या तोंडानं बहिणीला धांदरट म्हटलं, ते तोंड आता कुठं लपवायचं?

"ओतून टाकू मोरीत," वहीदा हळूच म्हणाली. "कुणाला कळणार नाही. पोरांना मी समजावते."

मोह व्हायचा तो झालाच. मब्रूका बुधला उचलून मोरीपर्यंत गेलीसुद्धा. पण मागं सिरीन ते कोरं कार्ड छातीशी धरून उभी होती. तिच्याकडे बघून मब्रूकाला भारी लाज वाटली. तिनं बुधला खाली ठेवला.

"आण इकडे ते कार्ड. आणि एक रंगखडू."

जन्मात कधी चित्र न काढलेली बाई मांडी ठोकून बसली. पोरं भोवतीनं वाकली.

"गाढव आहे का?" बशीरनं विचारलं.

"भांडं आहे, मेल्या. आईचं भांडं."

"मग कान कशाला?"

"कड्या आहेत त्या."

चित्र झाल्यावर तिनं बुधल्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि कार्डावर शिंपडलं. "द्या नेऊन," ती म्हणाली. "काही सांगू नका. वासावरून ओळखेल ती." पोरं कार्ड घेऊन पळाली. सलूहानं ते घेतलं, हुंगलं आणि दार लावून घेतलं, एवढंच सांगत पोरं परत आली. मब्रूकाला त्या रात्री झोप आली नाही.

ईदच्या सकाळी दाराशी पावलं वाजली. सलूहा कार्ड नाकाशी धरून उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"ताई, भांडं घासलं नव्हतं वाटतं?"

"घासलं होतं. न बघता जिरेनियम ओतलं मी त्यात."

"म्हणजे धांदरट कोण?"

"मी," मब्रूका पुटपुटली.

"मला तर गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली होतीस."

मब्रूका उंबरा ओलांडून बाहेर आली. गेल्या साली उभी होती तिथंच उभी राहिली आणि गळा मोकळा सोडून म्हणाली, "ऐका गं बायांनो, या घरातली धांदरट बाई मी आहे! माझ्या बहिणीला उगीच बोलले मी. वर्षभर तिच्यावाचून करमलं नाही मला."

खिडक्या पटापट उघडल्या. सलूहाला आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

सिरीननं खालून आजीचा पदर ओढला.

"आजी, चार कार्डं उरलीत. आणखी कुणाशी भांडलीयेस का?"

मब्रूका बोटांवर मोजू लागली.