चौकशीचा चहा

बालवाडीच्या सुनंदाबाईंनी झुंबरअक्कासाठी धुळ्याच्या कचेरीत चार खेपा घातल्या होत्या. सरकार निराधारांना महिन्याचा पगार देतं म्हणे, मग तो या म्हातारीला नाही तर कुणाला मिळायचा? नवरा कधीच गेलेला. एकुलता एक हिलाल सुरतेला गेला तो गेलाच. सहा वर्षांत ना पत्र, ना निरोप. हात थरथरतात म्हणून निंदणीलाही कुणी बोलवत नाही. बालवाडीतलं काही उरलं तर सुनंदाबाई नेऊन द्यायच्या, नाहीतर म्हातारी उपाशीच निजायची. आणि तरी अर्जावर अंगठा द्यायला बयेने दोन महिने घेतले! "मी काय भीक मांगू का वं?" हेच पालुपद.

आता चौकशी तेवढी राहिली होती. "उद्या तलाठीभाऊ तुनं घर दखाले येतीन," एवढं सुनंदाबाईंनी सांगितलं आणि नेमकं पुढचं सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी तलाठ्याला घेऊन त्या दारात आल्या आणि बघतात तर काय! अंगण सारवलेलं. खाटेवर शेजारच्या बेबाबाईची नवी गोधडी. म्हातारी ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन उभी. सोयरीक जमवायला माणसं यावीत तसा थाट! वर कपबशीत दुधाचा चहा.

"आजी, तुम्हाला सांभाळतं कोण?" तलाठ्याने विचारलं.

सुनंदाबाई मागून खुणावत होत्या. पण दारी आलेल्या पाव्हण्यापुढे पोटच्या पोराला नावं ठेवील ती झुंबरअक्का कसली!

"मना आंडोर शे ना भाऊ, हिलाल. सुरतले ऱ्हास. दर महिनाले पैसा धाडस. अखजीना सनले येई."

"भाऊसाहेब, खोटं सांगतेय ती! सहा वर्षं झाली..."

"तू चूप बस वं!" म्हातारी कडाडली.

तलाठी वाईट माणूस नव्हता. त्याने पुन्हा विचारलं, दोनदा विचारलं. म्हातारी हसतमुखाने तेच सांगत राहिली. मग त्याने 'मुलगा सांभाळतो' असं लिहिलं, खाली तिचा अंगठा घेतला, चहा संपवला आणि गेला.

सुनंदाबाईंना कळेना. हिच्यावर ओरडावं की स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावी? घर आहे तसं राहू दे, पोराचं खरं ते सांग, एवढंही आपल्याला बोलता आलं नाही!

"चांगला मानूस व्हता," म्हातारी समाधानाने म्हणाली. "मंग आते पगार कवय येई वं? कोनता महिनाले?"

सुनंदाबाईंना हुंदका आवरेना. म्हातारीने आतून कागदाची एक पुडी आणून त्यांच्या हातात ठेवली.

"बेबाबाईनी साखर शे. उरनी तेवढी तिले दी दे."

चुलीजवळ चहाचं भांडं धुऊन उपडं घातलेलं होतं. स्वतःसाठी तिने घोटभरही ठेवला नव्हता.