होडीला हात

मुलीने वल्ही पाण्याबाहेर उचलून धरली आणि होडी दोन डोक्यांच्या मधून अलगद सरकू दिली. पांढऱ्या टोपीतलं डोकं तिच्या वडिलांचं, म्हणजे पोहण्याच्या मास्तरांचं; निळ्या टोपीतलं बेकरीवाल्याचं. गावाला पुरापासून वाचवायला खाडीवर बांध घालायचा, त्याला मदत म्हणून दोघे या काठावरून त्या काठाला निघाले होते. लोकांनी देणग्या निघतानाच दिल्या होत्या. पोहण्याचा नियम एकच: होडीला हात लागला की संपलं.

दोन वर्षांपूर्वी पुराचं पाणी भट्टीत शिरलं, तेव्हा बेकरीवाला टेबलावर चढून मदतीची वाट पाहत बसला होता. त्यानंतर पंचेचाळिसाव्या वर्षी तो मास्तरांकडे सात-आठ वर्षांच्या पोरांच्या वर्गात दाखल झाला. भिजलेल्या पावासारखे गाल फुगवतो, म्हणून पोरं त्याला पावकाका म्हणायची.

अर्ध्या वाटेवर पावकाकांचे ओठ जांभळे पडले. हात पाणी कापायचे सोडून नुसते चापटू लागले. मुलगी दवाखान्यात परिचारिका होती. तिला हे लक्षण बरं वाटेना.

"पावकाका, या वर. पुरे झालं."

"सत्तरीचा माणूस पोहतोय आणि मी होडीत बसू? उद्या पोरं पाव घ्यायला येतील की मला चिडवायला?"

"पोरांचं मी बघते."

"मास्तर थांबले तर थांबेन."

तिने वडिलांकडे पाहिलं. समोरच्या काठाच्या पायऱ्यांवर त्यांचे तीन पिढ्यांचे विद्यार्थी उभे होते. एकदा तरी ही खाडी पार करायची, असं बाबा तिच्या लहानपणापासून म्हणत आले होते. दर वर्षी काही ना काही आडवं यायचं. कधी पोरांच्या परीक्षा, एकदा तर तिचंच बाळंतपण.

मास्तर वळले. संथ हात मारत आले आणि त्यांनी होडीची कड पकडली.

"अगं, पोटरीत गोळा आला," ते कण्हले. "आता नाही जमायचं."

"अरेरे, मास्तर!" बेकरीवाल्याने लगेच दुसऱ्या बाजूने कड धरली. "राहू द्या हो. आधी तब्येत."

तिने आधी त्यालाच वर ओढलं, घोंगडीत गुंडाळलं. मास्तर एका दमात स्वतःच चढून आले. पोटरी धरायचं त्यांना मग आठवलं.

तिने ती दाबून पाहिली. लोण्यासारखी मऊ होती. मास्तर पलीकडच्या पायऱ्यांकडे पाहत होते.

"बाबा, फारच कडक झालीय हो," बेकरीवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली आणि पोटरी चोळू लागली.