एक रात राहू द्या

गावाला काय, फ्लेक्स छापायला निमित्त लागतं. पण ह्या फ्लेक्सवर जे छापलं होतं ते अक्षराला अक्षर लावून वाचलं आणि सरजाबाई वाटेतच थांबली. गावातल्याच आदिनाथच्या नव्या गोठ्याच्या तोंडाशी तिच्या नवऱ्याचा हा एवढा मोठा फोटो, डोक्याला रुमाल, कानावर पेन्सिल, आणि खाली ठळक अक्षरांत: 'थोर अवयवदाते रेवणसिद्ध मिस्त्री यांचे प्रथम पुण्यस्मरण.'

दाते! अहो, दिलं काय होतं? काही नाही. नखसुद्धा नाही. आणि का नाही दिलं, हे साऱ्या गावात दोनच माणसांना ठाऊक. एक सरजाबाई, आणि दुसरी तिची लेक उज्वला.

"गप ऱ्हा आई," उज्वला तिच्या कानाशी लागली. ती उदगीरला शाळेत शिकवते, कालच्याला आली होती. "लोकं बाबांच्या नावानं अवयवदानाचे फॉर्म भरायलेत. तू तोंड उघडलंस तर समद्यावर पाणी पडंल. शाल घे, नारळ घे, घरी जाऊ."

वर्ष झालं, सरजाबाई गपच होती की.

रेवणसिद्ध मिस्त्री म्हणजे काय माणूस होता हे आता कुणाला सांगून पटायचं नाही. देवणी तालुक्यात सगळीकडे पत्र्याचे शेड उभे राहत होते तेव्हा हा बाबा लाकडाचे गोठे बांधायचा. खिळा म्हणून मारायचा नाही. खाचेत खाच बसवायची, वरून लाकडाची मेख ठोकायची, झालं. गोठा बांधायच्या आधी एक अख्खा दिवस नुसता जनावरांपाशी बसून राहायचा. बैल कुठल्या कुशीवर बसतो, गाय कुठल्या अंगानं उठते, ते बघायचा आणि मगच दावणीची जागा धरायचा. मालक वैतागायचे. "मिस्त्री, गोठा बांधायला आलाव का सोयरीक जमवायला?" हा आपला हसायचा. पण त्याच्या गोठ्यात भर चैतात जनावर धापा टाकत नसे, हे वैतागणारेच पुढं गावभर सांगायचे.

त्याचे दोन कायदे होते. एक, नव्या गोठ्यात जुन्या गोठ्याचं एक तरी लाकूड लागलंच पाहिजे. आणि दुसरा, जुनं लाकूड उतरवल्या दिवशी नव्यात जोडायचं नाही. रातभर अंगणात निजवायचं, सकाळी हळदीकुंकू लावायचं, मग उचलायचं. कुणी घाई केली की लहान तोंड करून म्हणायचा, "एक रात राहू द्या. घर सुटल्याचं लाकडालाबी कळू द्या की." चाळीस वर्षांच्या संसारात सरजाबाईनं किती लाकडांना असं हळदीकुंकू लावलं असेल, गणती नाही.

आणि मग सोमेश गेला. सोमेश म्हणजे मिस्त्रीचा धाकटा भाऊ. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. घरातल्या कुणाची जुळली नाही, आणि यादीत नाव लावून वाट बघता बघता गडी वाळून गेला. तेव्हापासून मिस्त्रीनं ध्यासच घेतला. गोठ्याचं आढं, म्हणजे छपराचा कण्याचा वासा, चढलं की मालकानं मिस्त्रीला धोतर-पटका द्यायचा मान असतो. ह्यानं तो मान घेणं सोडलं. म्हणायचा, "धोतर नको. घरातल्या दोघांनी अवयवदानाच्या फॉर्मवर सही करा, हाच माझा मान." लोक हसले, चिडले, "मिस्त्री, आमच्या जिवावर उठलाव का?" म्हणाले. पण मानाला नाही कसं म्हणणार? सह्या झाल्या. पहिली सही मिस्त्रीनं स्वतःचीच केली होती.

मागच्या चैतात आदिनाथच्या गोठ्याचं आढं चढवताना दोर निसटला. मिस्त्री वरून डोक्यावर पडला.

लातूरच्या मोठ्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मायलेकींना समोर बसवलं. डॉक्टरांचा काही दोष नाही, देवाशपथ नाही. त्यांनी नीट, दोनदा सांगितलं. मेंदू थांबलाय. आता ते परत येणार नाहीत. हृदय मशीनच्या आधारावर आहे, ते किती तास साथ देईल सांगता येत नाही. त्यांची इच्छा त्यांनी लिहून ठेवली आहे, पण घरच्यांची सही लागते.

सरजाबाई आत जाऊन बसली. तिनं नवऱ्याचा हात हातात घेतला. हात गरम होता! घट्टे पडलेला, अंगठ्याशी लाकूड तासताना लागलेल्या वाकसाचा जुना वण असलेला, चांगला गरम हात. छाती वर होत होती, खाली होत होती. ह्याला गेला म्हणायचं तरी कसं?

तरी ती 'न्हाई' म्हणाली नाही. हे मात्र ध्यानात ठेवा. ती बाहेर येऊन डॉक्टरांना म्हणाली, "देते की. ह्यांचाच शब्द हाय, मी कोण मोडणारी? पण आजची एक रात राहू द्या. सकाळी हळदीकुंकू घेऊन येते, मग न्या काय न्यायचं ते."

उज्वलानं विनवलं. डॉक्टर पुन्हा बोलले. पण सरजाबाईच्या डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही. जे उतरवलंय ते रातभर ठेवायचं असतं. तिला हेच माहीत होतं, आणि हे तिला त्यानंच तर शिकवलं होतं.

सकाळी ती न्हाऊनधुऊन, पदरात कुंकवाची पुडी बांधून आली, तर मिस्त्रीच्या तोंडावरून चादर ओढलेली. पहाटेच हृदय थांबलं होतं. "आता घ्या की हो," ती म्हणत राहिली, "मी आले न्हवं? आणा कागद, आणा." डोळे तरी घ्या म्हणाली. पडताना मार चेहऱ्यावर बसला होता, तेही कामाचे राहिले नव्हते. सोमेशसारखे कितीजण त्या दिवशी वाट बघत होते, आणि मिस्त्री सगळा धडधाकट ऐवज घेऊन वाया गेला. ती पुडी तिनं तशीच घरी आणली.

अपघाती मरण, म्हणून पोस्टमार्टेम झालं. गावात देह आला, आंघोळ घालताना लोकांनी टाके बघितले आणि आपापसात म्हणाले, "दिलं बरं का मिस्त्रीनं! बोलला तसं केलं." बाया सरजाबाईच्या पाया पडल्या. तेव्हाच बोलायचं होतं. नाही बोलली. त्या दिवशी तोंड उघडलं नाही, मग रोजच उघडणं अवघड होत गेलं.

आज तर हार, सतरंजी, माईक, सगळा थाट. आदिनाथनं शाल हातात घेतली, एवढ्यात मागून एक बाविशीतली पोरगी पुढं आली. अंगात सलवार-कमीज, चेहरा जरा सुजरा, हातात नवीन लुगड्याची पिशवी. तिनं सरजाबाईच्या पायावर डोकं ठेवलं ते उचलेचना.

"मावशी, मी इरा. देगलूरची. तीन वर्षं डायलिसिसवर होते. मागच्या वर्षी ह्याच आठवड्यात मला किडनी मिळाली. कुणाची, ते सांगत नाहीत. पण मोबाईलवर हा फ्लेक्स आला, तारीख बघितली, आणि मला कळलं." ती रडत होती, हसतही होती. तिनं सरजाबाईचा हात ओढून स्वतःच्या पोटाशी धरला. "इथं आहेत काका. बघा."

गर्दीतल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. उज्वलानं आईच्या दंडाला घट्ट धरलं. आणि सरजाबाईचं काय सांगावं! तिच्या हाताखाली ती ऊब लागली, आणि जीव असा ओढला तिकडं, असा ओढला! काय बिघडणार होतं? पोरगी सुखानं गेली असती. दर दिवाळीला आली असती. माणूस गेला तरी त्याचा एवढासा तुकडा कुठंतरी चालतो-बोलतो, असं म्हणून म्हातारपण निघालं असतं. किती दिवसांची भुकेली होती ती ह्याला. कुणी दोष दिला नसता.

तिनं हात काढून घेतला.

"हे माझ्या माणसाचं न्हाई, लेकी."

"मावशी?"

"ह्यांचं कुणालाच काही गेलं न्हाई." आदिनाथनं माईक बाजूला करायला हात घातला, तो तिनं धरून ठेवला. "समदे ऐका. डॉक्टर सही मागत होते. मी एक रात मागितली. लाकडाला ठेवतेत तसं ठेवलं मी त्यांला. सकाळी कुंकू घेऊन गेले तर सपलं होतं. हे खोटं हाय," ती फ्लेक्सकडे बोट करून म्हणाली, "मीच खोटं केलं त्यांला. काढा ते."

गोठ्यात गाय शेपटीनं माश्या वारत होती. कुणी खाली बघत होतं, कुणी एकमेकांकडे. आदिनाथनं शाल घडी करून टेबलावर ठेवली.

इराचं तोंड उतरून गेलं. पिशवी छातीशी धरून ती म्हणाली, "मग मी कुणाच्या पाया पडू?"

"ते गावणार न्हाई तुला." सरजाबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "पण आसंल कुठंतरी माझ्यासारखीच एक बाई. तिच्याबी माणसाचा हात गरमच आसंल. तिनं रात मागितली न्हाई बघ. लुगडं तिचं हाय, मी कसं नेसू?"

मग ती मेढीच्या खांबापाशी खाली बसली. नव्या गोठ्याची ही मेढ जुन्या गोठ्यातली होती, तिला हळदीकुंकू सरजाबाईनंच लावलं होतं. आता बसल्यावर तिला रडू फुटलं. तोंडात पदर कोंबून रडावं तसं नाही, मोकळं, हंबरडा फोडून. वर्षभराचं राहिलेलं होतं ते.

उज्वला शेजारी येऊन टेकली. तीही रडत होती.

"कशाला बोललीस गं माय? आता तर ती पोरगीबी गेली तुझी."

सरजाबाईनं नाक पुसलं. टेबलावरचे कोरे फॉर्म वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर मिस्त्रीचा रंधा ठेवला होता. त्यातला एक फॉर्म तिनं आदिनाथकडून मागून घेतला, नाव घालायला उज्वलाला सांगितलं आणि आपली वाकडीतिकडी सही केली. खाली जवळच्या नातेवाइकाच्या सहीची जागा होती.

"तिथं तू कर."

उज्वलानं पेन हातात घेतला. पण सही केली नाही, आईकडे बघत राहिली.

सरजाबाईनं तिचा दुसरा हात ओढून आपल्या दोन्ही हातांत धरला.

"बघ. त्या वक्ताला आसाच गरम आसंल माझा हात," ती म्हणाली. "तरीबी व्हय म्हण."