वर न गेलेला हात

"माळ पुरी झाल्याबिगर हात बाहेर काहाडू नोको, पोरी. कोनी हाक मारो, दारात कोनी येवो, हात आतच राहू दे."

हे माझ्या गोजराआत्याचं सांगणं. आत्या कारंज्याची. मी दहा-अकरा वर्षांची असताना तिनं मला जुन्या कापडाची गोमुखी शिवून दिली. गोमुखी म्हणजे जपाची माळ झाकून धरायची पिशवी. उजवा हात आत घालायचा, एकशे आठ मणी ओढायचे, मेरुमणी आला की नमस्कार करायचा आणि मगच हात बाहेर. आत्या गेली, पिशवी तीनदा फाटली आणि तीनदा मीच सांधली. पण तिचं सांगणं मी कधी मोडलं नाही. चुलीवर दूध उतू गेलं तरी नाही.

माझे नेम पुष्कळ आहेत. एक वेळ जेवते. चार लुगड्यांवर पाचवं घेत नाही. एक विरलं की त्याची वाकळ शिवते आणि मगच नवं आणते. घरात फ्रीज नाही, कूलर नाही. आंघोळीला एक बादली. प्लास्टिकची पिशवी उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. शेलूबाजारला जायचं तर पायी जाते, जीपवाल्यानं हॉर्न वाजवला तरी मान हलवून पुढं निघते. कोणाच्या घरचं पाणी पीत नाही. आमचे हे असताना म्हणायचे, तुझ्यासारख्या चार बाया झाल्या तर बाजार उठून जाईल.

पूर्वी गाव याला चिक्कूपणा म्हणायचं. मग ऊन वाढत गेलं. पाऊस एकदा आला की शेत धुऊन नेऊ लागला, आणि मग महिना महिना त्याचं तोंड दिसेना. तशी लोकांची भाषा बदलली. माझ्या त्याच नेमांना ते पर्यावरण म्हणू लागले. कृषी कॉलेजातली एक मुलगी आली आणि मोबाइलवर माझा व्हिडिओ काढून गेली. तो कितीतरी लोकांनी पाहिला म्हणे. मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू?

उज्ज्वला माझी धाकटी जाऊ, गावची आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका. आमचं अंगण एक, चुली दोन. तिच्या घरी फ्रीज आहे, दोन कूलर आहेत, आणि मोबाइल तर हातातून सुटत नाही. तिला वाटायचं मी तिला मनातल्या मनात नावं ठेवते. ठेवतच होते.

गावाच्या उत्तरेला गायरानाची टेकडी. तिच्यावर पळस, हिवर, धावडा, कडुलिंब. खालच्या वस्तीची विहीर त्याच टेकडीच्या पाझरावर. मागच्या वर्षी आखाडात कळलं की टेकडीवर गिट्टीचं, म्हणजे खडी फोडायचं, क्रशर येणार आहे आणि त्याला ग्रामसभेचा ना-हरकत ठराव हवा आहे. उज्ज्वला घराघरात जाऊन बायांना गोळा करू लागली. सांजच्याला माझ्या ओट्यावर आली.

"बाई, पंधरा ऑगस्टच्या सभेले तुमाले याच लागते."

"येईन नं वं. पन भांडाभांडी मले जमत नाई."

"बोलू नोका. नुसता हात वर करा. बाया तुमच्याकडं पाह्यतात."

"माह्याकडं पाहून काय होते? ज्यानं त्यानं आपली हाव कमी केली तं अशी येळच येत नाई, उज्ज्वला. विहिरीले सगळ्यायनं जपून वापरलं तं..."

"सगळ्यायनं म्हणजे कोनं? खालच्या वस्तीतल्या हिरीबाईनं?" ती फटकन म्हणाली. "तिच्या घरी नळ नाई, लाइटचं बिल नाई. तिनं काय सोडावं, सांगा. उपास तं ती तुमच्यापेक्षा जास्त करते, फक्त तिच्या उपासाले वार नाई."

मला राग आला. मी राग आवाजात येऊ देत नाही. "येईन म्हटलं नं," इतकंच बोलले.

त्या श्रावणात मी लाख जपाचा संकल्प केला होता. दिवसाला इतक्या माळा की बसता-उठता हात पिशवीतच. सभेलाही तशीच गेले. झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी वाटली आणि शाळेच्या पटांगणात सभा भरली. बाया एका अंगाला, पुरुष एका अंगाला. माझ्या शेजारी हिरीबाई बसली. तिच्या अकरा बकऱ्या त्याच टेकडीवर चरायच्या.

सरपंच गोपीचंदभाऊंनी क्रशरवाल्या साहेबांना पुढं बोलावलं. साहेब बाहेरगावचे, बोलायला फार गोड. त्यांनी आधी माझंच नाव घेतलं.

"या गावात ललिताबाईंसारखी माउली आहे, हे तुमचं भाग्य. पर्यावरण वाचवायला मोर्चे लागत नाहीत. ही माउली एक बादली पाण्यात आंघोळ करते. प्रत्येकानं असं आपल्या घरापासून सुरू केलं, तर विकासाला अडवायचं कारणच काय?"

त्यांनी मला शाल पांघरली आणि डाव्या हातात नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी फोटो काढला. साहेब माझ्या पाया पडले.

मग उज्ज्वला उभी राहिली. ती विहिरीचं बोलली, सावलीचं बोलली, ऊन लागून गेल्या दोन उन्हाळ्यांत कोण कोण आजारी पडलं त्यांची नावं तिनं वाचली. पुरुषांकडून कोणी ओरडलं, "आधी आपला कूलर बंद कर, मंग शिकव!" सगळे हसले. मीही ओठांत हसले. ते हसू हिरीबाईनं पाहिलं.

"ठरावाच्या इरोधात कोन हाय? हात वर करा," गोपीचंदभाऊ म्हणाले.

माझ्या बोटांत चौऱ्याऐंशीवा मणी होता. उज्ज्वलाचा हात वर होता, तिच्या मागं कितीतरी हात होते. माझ्या आजूबाजूच्या बायांनी माझ्याकडं पाहिलं. मी डोळे मिटले आणि पंच्याऐंशीवा मणी ओढला.

विरोधात अठ्ठावन्न. बाजूनं त्रेसष्ट. माझ्या भोवतीच्या दहा-बारा जणींनी कुठंच हात वर केला नव्हता.

घरी आल्यावर उज्ज्वला अंगणात थांबली होती. लेकरं आत गेली होती.

"काहून, बाई?"

"माळ होती वं हातात. मधीच काढता येत नाई, तुले माईत नाई का?"

"माईत हाय. आन दुसरा हात?"

"दुसऱ्यात नारळ होता."

ती मग हसली. तसं हसणं मी तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. "तं नारळ जड झाला म्हना. तुमचं पुण्य तुमच्यापाशी राह्यलं, बाई. टेकडी गेली."

पुढं कितीतरी दिवस मी लोकांना सांगत होते की डावा हात वर करायचं मला सुचलंच नाही. खरं असं आहे की सुचलं होतं. नारळ मांडीवर ठेवायचा, हात वर करायचा. पण शाल नुकतीच खांद्यावर पडली होती. ज्यानं पाया धरले त्याच्या तोंडावर हात वर करायचा माझा जीव झाला नाही. माळेचं निमित्त मला सापडलं, आणि मी ते घट्ट धरून बसले.

दसऱ्याच्या आत झाडं पडली. दिवाळीला क्रशर सुरू झालं. सुरुंग लागले की भिंतीवरची भांडी वाजायची. तुळशीची पानं मी सकाळी धुवायची, दुपारी ती पुन्हा पांढरी. धूळ दाबायला रोज दोन टँकर तलावातून भरून जायचे. माझी वाचवलेली बादली किती वर्षांनी एका टँकरएवढी होईल, हे काढायला मी एकदा बसले आणि मधेच उठले. संक्रांतीला खालच्या वस्तीची विहीर तळाला गेली.

आणि क्रशरच्या फाटकाशी, रस्त्याच्या कडेला, साहेबांनी मोठा फ्लेक्स लावला. त्यावर शाल पांघरलेली मी. खाली लिहिलेलं: पर्यावरण रक्षण, स्वतःपासून. तो काढा म्हणून मी गोपीचंदभाऊंकडं गेले.

"काहून काकू? मोठ्या मानसायचेच फोटू लागतात," ते म्हणाले. "लोकं दर्शन घेऊन राह्यले तुमचं."

चरायला जागा उरली नाही तशी हिरीबाईनं बकऱ्या विकून टाकल्या. पोटाला काही हवं म्हणून ती त्याच क्रशरवर घमेली उचलायला जाऊ लागली.

टेकडीपलीकडच्या महादेवाला मी रोज पाणी घालायला जाते. चैत्र संपत आला होता. त्या दिवशी सकाळपासूनच वारा भाजत होता. परत येताना अकरा वाजले असतील, क्रशरपाशी गलका ऐकू आला. हिरीबाई गिट्टीच्या ढिगाशी पडली होती, घमेलं बाजूला कलंडलेलं. मुकादम ओरडत होता, "सावलीत न्या तिले, सावलीत!" आणि बाया इकडंतिकडं पाहत होत्या. सावली कुठं होती? क्रशरच्या सगळ्या आवारात सावली पडत होती ती एका फ्लेक्सची. मी आणि आणखी एकीनं तिला उचलून तिथं नेलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. तांब्यात महादेवाचं तीर्थ उरलं होतं, ते तिच्या ओठांना लावलं. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही.

तिनं डोळे उघडले. वर पाहिलं.

"हा तुमचाच फोटू नं, बाई?"

"बोलू नोको. जीप बलावली हाय."

"बरी हाय सावली." तिच्या ओठांवर हसू आलं की काय, मला कळलं नाही. मग म्हणाली, "त्या दिवशी म्या तुमच्याकडं पाह्यलं. माहा हात अर्धा वर आला होता. म्हटलं, बाईनं नाई केला, म्हणजे तिले काई माईत असन. मंग घेतला खाली."

मी तिच्या कपाळावरची धूळ पदरानं पुसत राहिले.

"उरलेली टेकडी क्रशरले द्याची का नाई, त्याची एक मेले सभा हाय म्हणते."

"हाय."

"तुमी एकल्या येऊन काई होत नाई. दारोदार जा. आमच्या वस्तीत कोनी येत नाई बलावाले. उज्ज्वलाताई येते, तं लोकं म्हणतात तिचं कामच हाय. तुमी याल तं बाया निंगतीन." श्वास तुटत होता. "माह्या लेकीले, रेणूले पह्यले सांगा. जावई किशन इथंच ट्रॅक्टरवर हाय, त्याचं काम जाईन म्हणून तिले भेव वाटते."

"जाईन. महादेवाची..."

"शपथ नोका घेऊ," ती म्हणाली. "नुसत्या जा."

जीप आली. वाशीमला नेलं. तिसऱ्या दिवशी तिला परत आणलं ते चादरीत.

तेराव्याला क्रशरवाल्या साहेबांनी किराणा पाठवला, आणि तो कागदी पिशव्यांत होता. कोणीतरी माझ्याकडं बघून कौतुकानं म्हणालं, पाहा, प्लास्टिक नाही. मी उठून बाहेर आले.

रात्री उज्ज्वला भांडी घासत होती. मी जवळ जाऊन बसले. आठ महिने आम्ही कामापुरतं बोलत होतो.

"एक मेले मी घरोघर जाते म्हणते."

तिनं मान वर केली नाही. "कायले? हाव कमी करा म्हणून सांगाले?"

"सभेले चला म्हणून सांगाले."

"लोकं दार लावून घेतीन. म्हणतीन, तुमचाच फोटू लागला हाय नं तिथं."

"म्हणतीन."

"कोनी बसवलं, च्या-पाणी पुढं केलं, तं? तुमी तं कोनाच्या घरचं पेत नाई."

"पेईन."

आता तिनं पाहिलं. हातातली कढई तशीच. "उशीर केला, बाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि ते मला जास्त लागलं. "अर्धी टेकडी गेली. जी उरली तीबी राहील का नाई, सांगता येत नाई. तिकडं आता तीसक घरं कामाले हायत. ते हात वर करतीन का?"

"नाई माईत."

"मंग?"

"तिले म्हटलं हाय जाईन म्हणून."

ती पुन्हा भांडी घासू लागली. घासता घासताच म्हणाली, "खालच्या वस्तीत बायांची नावं घेऊन हाक मारजा. नुसतं 'कोनी हाय का' म्हणू नोका." आणि एकेक नाव सांगत गेली. मी पाठ करत गेले.

आज एक मे. पहाटे उठून पूजा केली, तीही लवकर आटोपती घेतली. देवासमोर काही मागितलं नाही. माझ्या नेमांनी मला काय दिलं आणि माझ्याकडून काय लपवलं, हे अजून पुरतं उमगलेलं नाही. नेम सोडलेले नाहीत. पण आता लुगडं नेसताना आपल्याकडं चारच आहेत याचा आनंद होत नाही.

साडेसहाला निघाले तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. उज्ज्वला ओट्यावर केस विंचरत होती. मी अंगण ओलांडेपर्यंत पाहत राहिली. वाटेत गिट्टी भरलेला एक टिप्पर गेला आणि धुळीत पुढचं काही दिसेना. मी पदर नाकाला लावून थांबले. धूळ बसल्यावर खालच्या वस्तीची पत्र्याची घरं दिसली. दुसरं घर रेणूचं. किशन अजून घरीच असेल, दार उघडेल तो कदाचित तोच. माझा आवाज मुळातच लहान. मनात तिचं नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि उतारानं खाली निघाले.